पेट्रोलचे की बॅटरीचे? गवत कापण्याचे यंत्र घेण्यापूर्वीचा कोल्हापुरी हिशेब

मे महिन्यात यंत्र घ्यायला दुकानात गेलेला माणूस आणि ऑगस्टमध्ये तेच यंत्र खांद्याला लावून बांधावर उभा राहिलेला माणूस एकच असला, तरी त्याची दोन्ही वेळची मते क्वचितच जुळतात. मे महिन्यात गवत वाळलेले, विरळ आणि घोट्याएवढे असते, आणि दुकानदाराचे प्रात्यक्षिकही फरशीवर, नुसत्या हवेत फिरणाऱ्या पात्याचे असते. मृग निघून गेला आणि आर्द्रा, पुनर्वसू धरून बरसले की तेच गवत कमरेला लागते, दिवसरात्र ओले राहते आणि पात्याच्या दांड्याला गुंडाळून बसते. म्हणून पेट्रोलचे यंत्र घ्यावे की बॅटरीचे, हा प्रश्न श्रावणातल्या गवताला विचारावा, असे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे.

माझे घर कोल्हापूर शहरात आहे आणि घरापुढे गुंठाभर हिरवळ आहे. पन्हाळ्याच्या अंगाला दीड एकर उताराची जमीन असून तीत आंब्याची कलमे आणि बाकी पड आहे. गेल्या काही वर्षांत मी टू-स्ट्रोक ब्रश कटर, फोर-स्ट्रोक ब्रश कटर आणि बॅटरीवरचा लॉन मोअर अशी तीन यंत्रे वापरली. त्यांपैकी पहिल्या यंत्राने मला जे शिकवले, त्याची किंमत मी वेगळी मोजलेली आहे. ती गोष्ट पुढे येईल.

पहिली पायरी : आपले गवत कोणते, ते ठरवणे

पेट्रोल आणि बॅटरी यांची तुलना सुरू करण्याआधी यंत्राचा प्रकार ठरला पाहिजे. बंगल्यापुढची सपाट हिरवळ, मग ती मेक्सिकन असो, सिलेक्शन वन असो की साधी हरळी असो, एकसारख्या उंचीवर कापायची असते आणि त्यासाठी चाकांचा लॉन मोअर लागतो. बांध, पाणंद, कलमांची आळी, कुंपणाची कड आणि उतार येथे चाके चालत नाहीत. तेथे लांब दांड्याचा ब्रश कटर लागतो, ज्याला बहुतेक ठिकाणी नुसते ग्रास कटर म्हणतात. मोअरने पड साफ करायला गेलेला माणूस पहिल्याच दगडाला पाते वाकवून परत येतो. उलट ब्रश कटरने हिरवळ कापली, तर ती न्हाव्याने घाईत केलेल्या डोक्यासारखी दिसते.

गवताच्या जातीलाही महत्त्व आहे. हरळी आणि लव्हाळा यांना नायलॉनची तार पुरते. काँग्रेस गवत कोवळे असेपर्यंत तारेने जाते. फुलावर येऊन त्याचा बुंधा टणक झाला की तीन दातांचे लोखंडी पाते लागते. घाणेरी आणि रानमोडीची झुडपे असतील, तर बारीक दातांचे गोल पाते हवे. तार, पाते आणि गोल पाते या क्रमाने यंत्राकडून लागणारी ताकद वाढत जाते, आणि बॅटरीची छोटी यंत्रे या क्रमातल्या पहिल्या पायरीवरच थांबतात.

ज्यांना म्हशींसाठी ओली वैरण कापायची आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. वैरणीला तार कधीही लावू नये. तार गवताचा चुरा करते, त्यात माती उडवते, आणि झिजलेल्या नायलॉनचे तुकडे वैरणीतून जनावराच्या पोटात जातात. हत्ती गवतासाठी पातेच वापरावे, आणि दोन म्हशींपुरतीच वैरण असेल, तर विळ्याला अजून तरी तोड नाही.

दुसरी पायरी : जागा गुंठ्यांत आणि काम मिनिटांत मोजणे

यंत्राच्या खोक्यावर व्होल्ट, सीसी आणि वॅट असे आकडे असतात. आपल्याला मात्र एकाच आकड्याची गरज असते, तो म्हणजे सलग किती मिनिटे काम आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. मोअरची कापण्याची रुंदी ३३ सेंटिमीटर असेल आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत आपण सावकाश चाललो, तर मिनिटाला साधारण १५ चौरस मीटर जागा होते. म्हणजे गुंठाभर हिरवळ सात मिनिटांत संपायला हवी. प्रत्यक्षात वळणे, कुंड्या हलवणे आणि गवताची पेटी रिकामी करणे धरून पंधरा मिनिटे लागतात.

आता बॅटरी पाहू. बॅटरीत किती दम आहे, हे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर या गुणाकारावरून कळते. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॅट-अवर. छोटा मोअर कोरड्या, नियमित कापलेल्या हिरवळीवर ४०० ते ५०० वॅट ओढतो असे धरले, तर ही बॅटरी सतरा ते एकवीस मिनिटे चालते. गुंठाभर हिरवळ एका चार्जिंगमध्ये होते आणि थोडे उरते. आठ-दहा दिवस उघडीप नसेल आणि गवत बोटभर जास्त वाढले असेल, तर तीच बॅटरी दहा-बारा मिनिटांत मान टाकते. शहरातल्या बंगल्याचे उत्तर इथेच मिळते. दोन गुंठ्यांपर्यंत हिरवळ असेल, तर बॅटरीचा मोअर आणि एक जादा बॅटरी एवढ्यावर काम भागते.

हाच हिशेब पडीक एकराला लावून पाहावा. चाळीस गुंठे दाट गवत ब्रश कटरने काढायला एका सवयीच्या माणसाला सहा तास लागतात असे मानू. दाट गवतात यंत्र सरासरी ६०० वॅट ओढत असेल, तर सहा तासांना ३६०० वॅट-अवर लागतील. १४४ ने भागले की उत्तर येते पंचवीस बॅटऱ्या. पंचवीस बॅटऱ्या घेऊन कोणी शेतावर जात नाही, आणि शेतीपंपाची वीज पाळीने येत असल्याने तेथे चार्जिंगचाही भरवसा नसतो. पेट्रोलचे यंत्र हेच काम चार-सहा लिटरमध्ये करते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. लहान इंजिन तिच्यातला मोठा भाग उष्णता आणि धुरात घालवते, तरीही जे उरते ते अशा १४४ वॅट-अवरच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त असते.

या दोन टोकांच्या मधली माणसे, म्हणजे पाच-दहा गुंठ्यांचे फार्महाउस असलेली, सगळ्यांत जास्त गोंधळतात. त्यांनी काम एकाच दिवशी उरकायचे आहे की रोज संध्याकाळी अर्धा तास करायचे आहे, एवढे ठरवावे. रोज अर्धा तास काम करणाऱ्याला बॅटरी पुरते. महिन्यातून एका रविवारी जाऊन सगळे साफ करणाऱ्याला ती पुरत नाही.

वर्षातून दोनदाच, म्हणजे गणपतीआधी आणि दिवाळीनंतर, गवत काढणाऱ्यांनी दोन्हींच्या नादी न लागता यंत्रासह मजूर बोलवावा. आणि अर्ध्या गुंठ्याची हिरवळ असणाऱ्यांनी हाताने ढकलायचा फिरत्या पात्यांचा जुना मोअर पाहावा. त्याला ना पेट्रोल लागते ना वीज, आणि आठवड्याला कापत राहिले तर त्याच्याइतकी सुबक कापणी दुसरे कोणतेही यंत्र करत नाही.

तिसरी पायरी : पेट्रोलची खरी अडचण समजून घेणे

पेट्रोलच्या यंत्रांत टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक असे दोन प्रकार आहेत. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी टाकी नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, ४०:१ असेल तर २५ आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. हे माप डोळ्यांनी धरू नये. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम. ऑइल जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. ते अजिबात घातले नाही, तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन सीझ होते. घरातल्या दुसऱ्या कोणी मदत म्हणून साधे पेट्रोल ओतल्याने अनेक यंत्रे अशी गेलेली आहेत, म्हणून मिश्रणाच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे असते. टाकीत साधे पेट्रोल घालायचे, धूर कमी, आवाज थोडा खालच्या पट्टीतला आणि पेट्रोलही कमी लागते. त्याचे दुखणे वेगळे आहे. हातात धरायच्या यंत्रात ऑइल जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर असते, त्यामुळे ते तपासायला विसरणे महागात पडते. तरीही उताराची जमीन आणि वर्षाला चाळीस-पन्नास तासांचे काम असणाऱ्याला मी फोर-स्ट्रोकच सुचवतो.

आता मूळ अडचण. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते बहुतांश उसापासून आणि धान्यापासून बनते, आणि आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात. आपल्याच उसाचा अंश आपल्याच ब्रश कटरचा घात करतो, ही गंमत कोल्हापूरकराला वेगळी समजावून सांगावी लागू नये. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळी हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साठत जाते आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते. कार्बोरेटरला पेट्रोल मिळते ते तळातूनच. शिवाय इथेनॉलने कार्बोरेटरमधले रबराचे पडदे आणि नळ्या कडक होतात. अनेक नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांत लहान इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले असते. रोज फिरणाऱ्या मोटारसायकलला हे सहसा जाणवत नाही, कारण तिच्यातले पेट्रोल आठवड्यात बदलते. वर्षातले सात महिने खिळ्याला टांगून राहणाऱ्या यंत्राला मात्र ते नक्की जाणवते.

माझे तसेच झाले. यंत्र विकणाऱ्याने सांगितले होते की, कोणतेही ऑइल घाला आणि टाकी भरून ठेवा, म्हणजे गंज धरत नाही. दिवाळीत काम संपल्यावर मी टाकी अर्धी भरलेलीच ठेवून यंत्र टांगले. पुढच्या जूनमध्ये चोक ओढून, रबरी फुगा दाबून मी दोरी चाळीसएक वेळा ओढली. हाताला फोड आले, पण इंजिन खोकलेसुद्धा नाही. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला तेव्हा आत मधासारखा चिकट, पिवळसर थर होता, आणि एरवी बोटाने दाबल्यावर लवणारा पातळ पडदा वाळल्या पापडासारखा कडक झाला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “काका, इंजिनाला काय धाड भरलेली न्हाई. बसून बसून पेट्रोल नासलंय बघा.” पडद्यांचा संच, नळी, फिल्टर आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, त्यात वर्षभराचे पेट्रोल आले असते.

यावरून जे नियम मी घालून घेतले, ते पेट्रोलचे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने पाळावेत. एका वेळी लिटरभरच मिश्रण करावे. डब्यावर तारीख लिहावी आणि महिना उलटल्यावर ते यंत्रात घालू नये. पंधरा दिवसांहून जास्त काळ यंत्र लागणार नसेल, तर टाकी रिकामी करावी, यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणि मगच टांगावे. पेट्रोल आणायला झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत अनेक पंप पेट्रोल देत नाहीत आणि ते योग्यच आहे. एवढी शिस्त आपल्याच्याने होणार नाही असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर बॅटरीच्या बाजूने तेवढे एकच कारण पुरेसे आहे.

चौथी पायरी : बॅटरीवरचे आकडे वाचायला शिकणे

बॅटरीच्या यंत्रांत फसवणूक व्हायला जागा जास्त आहे, कारण इंजिनाप्रमाणे तिचे पोट उघडून पाहता येत नाही. लिथियम-आयनचा एक सेल सुमारे ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्ज असताना २१. म्हणजे एका दुकानात १८ व्होल्ट, दुसऱ्यात २० आणि तिसऱ्यात २१ व्होल्ट म्हणून विकली जाणारी बॅटरी मुळात एकाच घडणीची असू शकते. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ अशी स्टिकरे लावलेल्या स्वस्त यंत्रांवरचा आकडा तर व्होल्टचा नसतोच. आत बहुधा तेच पाच सेल असतात. दुकानदाराला बॅटरी बाहेर काढायला लावावी, तिच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर पाहावेत, आणि तेथेच मोबाइलवर गुणाकार करावा. वॅट-अवरचा आकडा सांगता येत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये.

गावाकडे बॅटरीविषयी जे मत ऐकू येते, ते बहुतेक फवारणी पंपांवरून बनलेले असते. ‘बारा बाय आठ’चा, म्हणजे १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-अवर बॅटरीचा, पंप दोन हंगामांत थकतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. त्या पंपांपैकी बऱ्याच पंपांत शिशाची, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि ती रिकामी पडून राहिली की मरते. लिथियमची बॅटरी तशी नसते, मात्र तिलाही तिची पथ्ये आहेत. काम संपल्यावर ती हाताला गरम लागते. लगेच चार्जिंगला लावू नये, अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस असते, आणि एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दुपारी सहज ओलांडली जाते. अशा वेळी चार्जरचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि माणूस चार्जर बिघडला म्हणून दुकान गाठतो. घरातल्या सावलीच्या खोलीत, फरशीवर चार्ज करावी. महिनोन्महिने ठेवायची असेल, तर निम्मी चार्ज करून ठेवावी. काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये.

दुसरा मुद्दा एकदा घेतलेल्या कंपनीशी बांधले जाण्याचा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. घरात आधीपासून एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल असेल, तर त्याच खाचेचा ट्रिमर (तारेने कापणारा हलका कटर) किंवा मोअर मिळतो का ते आधी पाहावे. ‘फक्त यंत्र’ आणि ‘बॅटरी-चार्जरसह’ अशा दोन किमती असतात. जाहिरातीतली स्वस्त किंमत बहुधा पहिली असते. मोटर ब्रशलेस असेल, तर चार पैसे जास्त द्यावेत, कारण तीत कार्बन ब्रश झिजत नाहीत आणि त्याच बॅटरीवर काम थोडे जास्त होते.

ओल्या गवताबद्दल मी स्वतः पाहिलेले सांगतो. श्रावणातल्या एका उघडिपीत मी हिरवळीवर मोअर घातला. गवतावर पाण्याचे थेंब होते. तीन फेऱ्यांनंतर आवाज जड झाला आणि यंत्र आपोआप थांबले. बॅटरी आणि किल्ली काढून मोअर आडवा केला, तर पात्याभोवती दोन बोटे जाडीचा हिरवा लगदा घट्ट थापलेला होता, चुलीवरून उतरवलेल्या पिठल्यासारखा. लाकडी काठीने तो खरवडावा लागला. बॅटरीच्या मोअरवर ताण आला की त्यातले नियंत्रण मोटर वाचवण्यासाठी वीज तोडते. पेट्रोलचा मोअर अशा वेळी गुरगुरत रेटत राहतो, पण लगदा त्याच्यातही साठतोच. म्हणून पावसाळ्यात पात्याची उंची एक खाच वर घ्यावी, निम्म्या रुंदीने कापत जावे, आणि गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी काढू नये. असे केले की बॅटरीही पुरते आणि हिरवळही पिवळी पडत नाही. पाऊस चालू असताना मात्र बॅटरीचे यंत्र बाहेर काढूच नये.

घराजवळच विजेचा प्लग असेल, तर वायरवर चालणाऱ्या मोअरचाही विचार व्हावा. तो स्वस्त असतो आणि थकत नाही. मात्र ओल्या गवतात वायर ओढत न्यायची असल्याने घराच्या मीटरजवळ आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि ओले असताना तर मुळीच नाही.

पाचवी पायरी : पैशांचा हिशेब

‘पेट्रोल शंभराच्या वर, वीज मात्र फुकटात’ असे विक्रेते सांगतात. ते निम्मे खरे आहे. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि वीज १० रुपये युनिट धरू. टू-स्ट्रोक ब्रश कटर दाट गवतात तासाला लिटरभर पितो असे मानले, तर ऑइलसह तासाला सुमारे ११५ रुपये झाले. बॅटरीच्या यंत्राला ६०० वॅटने तासाला ०.६ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून पाऊण युनिट, म्हणजे साडेसात रुपये. इथपर्यंत बॅटरी कितीतरी पुढे आहे.

पण बॅटरी स्वतः झिजते. १४४ वॅट-अवरच्या बॅटरीची किंमत १०,००० रुपये आणि आयुष्य ५०० चार्जिंगचे धरू. ५०० गुणिले १४४ म्हणजे ७२ युनिट, आणि ६०० वॅटने ते १२० तास पुरतात. दहा हजारांना १२० ने भागले की तासाला ८३ रुपये बॅटरीच्या झिजेचे झाले. वीज मिळवून ९० रुपये. म्हणजे दाट गवतात रोज राबणाऱ्याला बॅटरी फारशी स्वस्त पडत नाही. फोर-स्ट्रोकचे पेट्रोल तासाला अर्ध्या-पाऊण लिटरवर येत असल्याने त्याच्यापुढे तर ती महागच पडण्याची शक्यता आहे. उलट गुंठाभर हिरवळीवर वर्षाला दहा-बारा तासांचे काम असेल, तर ५०० चार्जिंग कधी भरतच नाहीत. बॅटरी वापराने न मरता वयाने मरते. तेथे पेट्रोल, प्लग, फिल्टर, कार्बोरेटरची सफाई आणि उद्यमनगरच्या चकरा वाचतात, हाच खरा फायदा. वरच्या आकड्यांच्या जागी आपल्या दुकानातला भाव घालून प्रत्येकाने हा हिशेब पुन्हा करावा.

सहावी पायरी : आवाज, धूर आणि हात

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आहे. पेट्रोलचा ब्रश कटर चालवणाऱ्याच्या कानाशी याच्या कितीतरी वर असतो. शेजारी दवाखाना असेल किंवा वरच्या मजल्यावर परीक्षेचे मूल असेल, तर बॅटरीचे यंत्र घेणे हा शेजारधर्म आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या बहुतेक नव्या यंत्रांना धुराची शून्य मर्यादा लावली. तेथील हवा मंडळाच्या हिशेबाने व्यावसायिक मोअर तासभर चालवला, तर नव्या मोटारीने सुमारे ४८० किलोमीटर जाण्याइतके धुरके निर्माण करणारे प्रदूषण होते. आपल्या डोंगरउतारावर तो नियम लावावा असे मी म्हणणार नाही. पण बंगल्याच्या बंदिस्त परसात, चारी बाजूंना भिंती असताना टू-स्ट्रोकचा धूर कोणाच्या नाकात जातो, याचा विचार व्हावा.

पेट्रोलच्या यंत्राची थरथर तासाभराने बोटांत मुंग्या आणते. साठीच्या पुढच्या माणसांनी दुकानात यंत्र दहा मिनिटे पट्ट्यासह खांद्याला लावून उभे राहावे. बॅटरीचा हलका ट्रिमर आणि सात-आठ किलोचा ब्रश कटर यांतला फरक तेथेच कळतो.

सुरक्षेचे नियम दोघांनाही तेच आहेत. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, पंधरा मीटरच्या आत कोणी नको. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्याचे खडे गवतात लपलेले असतात आणि पाते त्यांना बंदुकीच्या छऱ्यासारखे उडवते. गवतात शिरण्याआधी काठी आपटत एक फेरी मारावी. पेट्रोल इंजिनाच्या धडधडीत माणसाला घोणसेचा फुत्कार ऐकू येत नाही. बॅटरीच्या यंत्राचा हा एक फायदा मला कोणत्याही जाहिरातीत दिसलेला नाही.

सातवी पायरी : दुरुस्ती कोण करणार, आणि पाणी आले तर

कोल्हापुरात इंजिन उघडणारा माणूस शोधावा लागत नाही. उद्यमनगरात प्लगपासून क्रँकपर्यंत सगळ्याला उत्तर आहे. बॅटरीच्या आतले नियंत्रक सर्किट गेले, तर मात्र मिस्त्री हात वर करतात आणि कंपनीच्या सेवा केंद्राची वाट धरावी लागते. सेल बदलून देणारे कारागीर आहेत, पण बेताचे सेल घालून चिकटवलेली बॅटरी घरात चार्जिंगला लावण्याचा धोका मी घेत नाही. म्हणून बॅटरीचे यंत्र घेताना सेवा केंद्र शहरात आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे.

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना पुढचे पटेल. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चालली की नदीकडेच्या वस्त्यांतल्या लोकांनी तळमजल्यावरचे सामान हलवताना बॅटरी आणि चार्जर आधी वर न्यावा. पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा चार्ज करू नये, ती वरून कितीही ठणठणीत दिसली तरी. ती घराबाहेर, उघड्यावर ठेवून संकलन केंद्रात द्यावी. बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. बुडालेले पेट्रोल इंजिन मात्र वाचू शकते, अट एकच : दोरी ओढून चालू करून पाहायचा मोह टाळायचा. प्लग काढून, यंत्र उलटे धरून पाणी काढावे, टाकी रिकामी करावी आणि तसेच मिस्त्रींकडे न्यावे.

दुकानात गेल्यावर

पेट्रोलचे यंत्र थंड असताना आपल्या हाताने चालू करून पाहावे. दुकानदाराने सकाळी गरम करून ठेवलेले कोणाच्याही हाताने चालू होते. पडद्यांचा संच, एअर फिल्टर आणि स्टार्टरची दोरी सुटी मिळते का आणि कितीला, ते विचारून बिलाच्या मागे लिहून घ्यावे. नाव नसलेल्या ‘५२ सीसी’ यंत्रांचा मोह अशा ठिकाणी गळून पडतो. बॅटरीच्या यंत्रात यंत्राची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी असू शकते. दोन्ही तारखा आणि बॅटरीचा क्रमांक बिलावर हवा. जादा बॅटरी घ्यायचीच असेल, तर पहिल्याच दिवशी घेण्यापेक्षा एक पावसाळा काढून घ्यावी, म्हणजे ती खरोखर लागते का तेही कळते आणि दोन्ही बॅटऱ्या एकाच वर्षी म्हाताऱ्या होत नाहीत.

माझ्याकडे आता घरी बॅटरीचा मोअर आणि जमिनीवर फोर-स्ट्रोक ब्रश कटर आहे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास शेवटची फेरी मारली की ब्रश कटरची टाकी रिकामी करतो, प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडतो, दोरी दोनदा हळू ओढतो आणि प्लग पुन्हा लावतो. मोअरची बॅटरी दोन दिव्यांवर, म्हणजे निम्म्या चार्जवर, आणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो, आणि होळीच्या सुमारास एकदा काढून दिवे पाहतो. एकावर आले असतील तर पंधरा मिनिटे चार्ज करून पुन्हा वर.